‘लॉयल्टी’ खरंच हॉस्पिटल बोट होती का, आणि पणजोबा तिच्यातूनच आले असतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका घरात पिढ्यानपिढ्या सांगतात की पणजोबा पहिल्या महायुद्धात ११७ मराठा पलटणीत होते, बसऱ्याला गेले, तिथे आजारी पडले आणि ‘दवाखान्याच्या बोटीतून’ मुंबईला परत आले. ती बोट म्हणजे लॉयल्टी, जिच्यामुळे आपण ५ एप्रिलला नॅशनल मेरिटाइम डे करतो तीच. हे शक्य आहे का, आणि प्रवासी बोटीचं हॉस्पिटल करतात म्हणजे नक्की काय करतात?

मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये ३१ वर्षं काढली, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनियर म्हणून, आणि त्यातला चांगला मोठा काळ प्रवासी जहाजांवर. जुन्या बोटींचा इतिहास हा माझा फार जवळचा विषय आहे आणि लॉयल्टी तर सगळ्यात जवळची, म्हणून उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

पहिलं सांगतो, लॉयल्टी हॉस्पिटल बोट होती हे शंभर टक्के खरं आहे. दरवर्षी ५ एप्रिलला आमच्या क्षेत्रात भाषणं होतात, १९१९ सालचा प्रवास सांगतात, आणि त्याच्या आधी चार-साडेचार वर्षं ती बोट काय करत होती यावर अर्धं वाक्य येतं, कधी तेही येत नाही. मला याचं नेहमी वाईट वाटतं, कारण त्या बोटीचं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं असं मी मानतो.

बोटीचं जन्मनाव लॉयल्टी नव्हतं, ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ होतं. इंग्लंडमधल्या बॅरो गावच्या गोदीत बांधली, १८९० च्या ऑगस्टमध्ये पाण्यात उतरवली, मालक कॅनेडियन पॅसिफिक, म्हणजे कॅनडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वे टाकणारी तीच कंपनी. रेल्वे व्हँकुव्हरला संपते, मग पुढे जपान-चीनला जायला बोट आपलीच हवी आणि त्यात ब्रिटिश सरकारचं टपालाचं कंत्राट, म्हणून एकसारख्या तीन बोटी बांधल्या, इंडिया, जपान आणि चायना. ४५५ फूट लांब, सुमारे ५,९०० टनांची, पांढरीशुभ्र, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या आणि पुढचं नाक जुन्या शिडाच्या जहाजासारखं तिरकं पुढे आलेलं. फोटो शोधून बघा, श्रीमंताच्या यॉटसारखी दिसते. खाली वाफेची दोन ट्रिपल एक्स्पान्शन इंजिनं, बोट ढकलणारे दोन पंखे म्हणजे प्रोपेलर, वेग १६ नॉट. पॅसिफिकच्या लाइनवर दोन पंख्यांची बोट त्या काळी नवलाईची होती, आणि इंजिनियर म्हणून सांगतो, दोन पंखे म्हणजे एक इंजिन मध्येच बसलं तरी दुसऱ्यावर बंदर गाठता येतं, पुढे पोटात शेकडो आजारी माणसं असताना ही गोष्ट किती मोठी आहे ते समुद्रावर इंजिन बंद पडल्याशिवाय कळत नाही.

थोडं विषयांतर करतो पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८९३ साली शिकागोच्या धर्मपरिषदेला निघालेले स्वामी विवेकानंद मुंबईहून ‘पेनिन्शुलर’ बोटीने निघाले, आणि जपानमध्ये योकोहामाला १४ जुलैला ज्या बोटीत चढले ती हीच एम्प्रेस ऑफ इंडिया. अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, उत्तर पॅसिफिकची थंडी, कुडकुडत २५ जुलैला व्हँकुव्हरला उतरले. त्याच बोटीवर जमशेटजी टाटा होते. पुढे १८९८ च्या नोव्हेंबरमध्ये टाटांनी स्वामीजींना संशोधन संस्थेबद्दल जे पत्र लिहिलं त्याची सुरुवातच या प्रवासाच्या आठवणीने आहे, आणि ती संस्था म्हणजे आजची बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तर तुमचे पणजोबा जर लॉयल्टीतून आले असतील तर ज्या डेकवर हे दोघं फिरले त्याच डेकवर ते झोपून आले, एवढं मनात ठेवा.

आता १९१४. कंपनीने १९१३ मध्येच एम्प्रेस ऑफ रशिया आणि एम्प्रेस ऑफ एशिया या नव्या मोठ्या बोटी आणल्या होत्या, त्यामुळे २३ वर्षांची ही जुनी बोट विकायला मोकळी होती. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि आपल्याकडच्या संस्थानिकांनी मिळून फौजेसाठी एक हॉस्पिटल बोट द्यायचं ठरवलं. कल्पना ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांची, आणि बोटीचं नाव लॉयल्टी ठेवणार हे सप्टेंबर १९१४ मध्येच जाहीर झालं होतं, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये व्हाइसरॉयची जी तार वाचून दाखवली तिच्यातच ते आहे. म्हणजे नाव आधी ठरलं आणि बोट मागून आली. १९१४ च्या शेवटी शिंद्यांनी ही एम्प्रेस घेतली आणि जानेवारी १९१५ मध्ये तिच्यावर लॉयल्टी हे नाव चढलं. माधवरावांना हा प्रकार नवा नव्हता, १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचं बंड झालं तेव्हाही त्यांनी स्वतःच्या खर्चाने हॉस्पिटल बोट सज्ज करून दिली होती आणि स्वतःही चीनला गेले होते. आणि हो, शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड, तुमच्याच सातारा जिल्ह्यातलं, तेव्हा घरच्या गोष्टीत शिंद्यांचं नाव टिकून राहिलं यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो माझ्या धंद्यातला आहे. प्रवासी बोटच का, मालबोट का नाही?

मालबोट म्हणजे काय, तर चार-पाच मोठ्या पोकळ्या, ज्यांना आम्ही होल्ड म्हणतो, आणि पन्नासेक खलाशांपुरतं पाणी, स्वयंपाक आणि संडास. त्या होल्डमध्ये खाटा टाकल्या तरी हवा नाही, उजेड नाही, पाण्याचा नळ नाही. प्रवासी बोटीत हे सगळं बांधतानाच घातलेलं असतं. या एम्प्रेसवर पहिल्या वर्गाचे १२०, दुसऱ्याचे ५० आणि खालच्या डेकवर ६०० असे जवळपास ७७० प्रवासी बसायचे, म्हणजे तेवढ्यांच्या दोन वेळच्या जेवणाची भटारखाना-कोठी, तेवढ्यांचं गोडं पाणी, तेवढ्यांचे संडास-मोऱ्या, विजेचे दिवे, थंड कोठार, सगळं तयार. हॉस्पिटल करताना तुम्ही बोट नव्याने बांधत नाही, आहे त्यात भिंती काढता आणि खाटा घालता. जेवणाचा मोठा हॉल असतो तो वॉर्ड होतो, खालच्या वर्गाचा लांबच लांब मोकळा डेक असतो तोही वॉर्ड होतो, केबिन असतात त्यात अधिकारी, नर्सा आणि ज्यांना वेगळं ठेवायचं असे रोगी. ऑपरेशनची खोली शक्यतो बोटीच्या मधोमध, कारण पुढचं आणि मागचं टोक वरखाली होतं तेवढं मधलं होत नाही. एखादा सर्जन टाके घालतोय आणि पायाखालची जमीन दहा फूट वर जातेय असं कसं चालेल.

आता अडचणी, ज्या पुस्तकात कमी येतात.

पहिली म्हणजे वळण. प्रवासी बोटीचे पॅसेज चालत्या माणसासाठी असतात, झोपलेल्या माणसासाठी नसतात. मी स्वतः हे भोगलंय. आमच्या एका जहाजावर एक ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेल घालणारा, खालच्या प्लेटवर घसरून पडला, मांडीचं हाड गेलं. जहाजावर स्ट्रेचर असतो तो नील रॉबर्टसन नावाचा, जाड कॅनव्हासमध्ये बांबूच्या पट्ट्या शिवलेल्या, माणसाला चटईत गुंडाळावं तसं गुंडाळून पट्टे आवळायचे, मग त्याला उभा केला तरी तो सरकत नाही. तरीसुद्धा इंजिन रूमच्या तळातून तीन शिड्या आणि दोन काटकोनातली वळणं पार करून त्याला वर डेकवर आणायला सहा जणांना चाळीस मिनिटं लागली, आणि प्रत्येक वळणावर तो पोरगा दात आवळून माझ्या हाताला धरायचा, त्याची नखं मला दोन दिवस दिसत होती. हा एक माणूस, शांत समुद्र, शिकलेली माणसं. आता असे ४०० माणसं एका दिवसात चढवायची आहेत असं धरा. म्हणून हॉस्पिटल बोटीवर पहिलं काम काय, तर वळणं कापायची, दरवाजे रुंद करायचे, आणि बोटीच्या कुशीला जे मोठे साइड दरवाजे असतात, जिथून एरवी सामान घेतात, तिथून स्ट्रेचर सरळ आत घ्यायची सोय करायची. जिथे दरवाजा नाही तिथे बाजूला लागलेल्या पडावातून माणसाला लाकडी ट्रेमध्ये झोपवून डेरिकने, म्हणजे बोटीवरच्या क्रेनने, उचलून वर घ्यायचे, गाठोडं उचलतात तसं.

दुसरी म्हणजे पोटाचे आजार. लोकांना वाटतं हॉस्पिटल बोट म्हणजे गोळ्या लागलेले जवान. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, त्याच्यापेक्षा हगवण, कॉलरा, ताप, उष्माघात यांचे रोगी ढिगाने होते, आणि आपल्या जवानांना तर ताजी भाजी-फळं न मिळाल्याने स्कर्व्ही झालेला, हिरड्या सुजून दात हलायला लागायचे. गोऱ्या सोल्जरांना बेरीबेरी, आपल्यांना स्कर्व्ही, दोन्ही आहारातून आलेले. आता शंभर माणसं हगवणीची असतील तर बोटीवर खरा भार कोणावर येतो, डॉक्टरवर येतोच पण त्याच्या आधी पंपावर येतो. संडासाला खारं पाणी वापरतात, ते पाणी इंजिन रूममधला पंप वर चढवतो, तो पंप बसला की दोन तासांत वॉर्डात उभं राहवत नाही. चादरी धुवायला गोडं पाणी लागतं कारण खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही, आणि गोडं पाणी म्हणजे टाकीत भरून घेतलेलं, वर इव्हॅपोरेटरने समुद्राचं पाणी उकळून गाळून केलेलं, आणि त्याला पुन्हा कोळसा लागतो. म्हणजे स्वच्छ चादर ही शेवटी बॉयलरसमोर फावडं घेऊन उभ्या असलेल्या आगवाल्याच्या पाठीतून येते. हे मी उगाच भावुक होऊन सांगत नाही, ही साधी साखळी आहे, आणि हॉस्पिटल बोटींच्या इतिहासात सर्जन आणि मेट्रन यांची नावं असतात, आगवाला, कोयलावाला, सारंग, भंडारी यांची नसतात. यातले कितीतरी रत्नागिरी जिल्ह्यातले होते, किती गोव्याचे, मुंबईच्या बोटी त्यांच्यावरच चालायच्या.

तिसरी उष्णता. इराणच्या आखातात जुलै-ऑगस्टमध्ये लोखंडी डेकवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. मी एअर कंडिशनच्या काळातला माणूस, तरी इंजिन रूममध्ये पन्नासच्या वर पारा बघितलाय. १९१५ च्या बोटीत विजेचे पंखे, कॅनव्हासच्या ताडपत्र्या आणि विंडसेल, म्हणजे कापडाचा भलामोठा बोळा, वरचं तोंड वाऱ्याकडे आणि खालचं वॉर्डात सोडलेलं. वारा पडला की तो बोळा लोंबकळतो आणि खाली माणसं भाजतात. त्यात कोळसा भरायचा दिवस असेल तर पोर्टहोल बंद ठेवावे लागायचे, नाहीतर काळी धूळ जखमांवर.

आणि आपल्या फौजेसाठी अजून एक, स्वयंपाक. हिंदू-मुसलमान जवानांची चूल वेगळी, पाणी वेगळं, हे त्या काळात पाळलंच जायचं, इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात आपल्या जवानांचं हॉस्पिटल केलं तिथेसुद्धा वेगवेगळी स्वयंपाकघरं आणि पाण्याचे वेगळे नळ होते. बोटीवर जागा मोजून असते, तिथे ही वाटणी करणाऱ्याची काय कसरत होत असेल ते गॅलीत उभं राहिलेल्यालाच कळेल.

कायद्याचंही दोन वाक्यांत सांगतो. १९०७ च्या हेगच्या करारात हॉस्पिटल बोटीचे नियम आहेत. बाहेरून पांढरा रंग, सरकारी असेल तर साधारण दीड मीटर रुंदीचा हिरवा पट्टा, खासगी लोकांनी किंवा संस्थेने दिलेली असेल तर तसाच लाल, रेड क्रॉसचा झेंडा, नाव शत्रूला आधी कळवायचं, आत लढणारी फौज किंवा दारूगोळा न्यायचा नाही, शत्रूला तपासायचा हक्क, आणि त्या बदल्यात तिच्यावर हल्ला करायचा नाही. रात्री बाजूने दिव्यांची माळ आणि क्रॉस उजळलेला, सगळ्या समुद्रात बाकीच्या बोटी अंधारात लपून चाललेल्या आणि ही एकटी लखलखीत. पण सुरुंगाला झेंडा कळत नाही. ‘ब्रिटानिक’, टायटॅनिकची धाकटी बहीण, एकही तिकीटवाला प्रवासी न नेता थेट हॉस्पिटल बोट झाली आणि २१ नोव्हेंबर १९१६ ला ग्रीसजवळ सुरुंगाने गेली, सुदैवाने हजारावर माणसांतली ३० च दगावली. ‘लँडओव्हरी कॅसल’ला तर २७ जून १९१८ ला पाणबुडीने जाणूनबुजून टॉर्पेडो मारला आणि नंतर पाण्यातल्या लाइफबोटींवर गोळ्या झाडल्या, २३४ माणसं गेली, २४ वाचली. आणि हे सगळं लांब युरोपातलं असं समजू नका, १९१७ च्या सुरुवातीला ‘वोल्फ’ नावाच्या जर्मन बोटीने आपल्या मुंबईच्या समोर सुरुंग पेरले होते, त्यातल्याच एकावर ‘मंगोलिया’ ही प्रवासी बोट २३ जून १९१७ ला बुडाली. म्हणजे बसऱ्याहून, सुएझहून आजारी जवान घेऊन येणारी प्रत्येक बोट त्या वर्षी शेवटचे काही तास त्या पाण्यातून येत होती, घर दिसायला लागलेलं असताना.

आता बसरा. हा भाग नीट वाचा कारण तुमच्या पणजोबांचं उत्तर यातच आहे.

नोव्हेंबर १९१४ मध्ये आपली फौज शत-अल-अरबच्या, म्हणजे बसऱ्यावरून समुद्राला मिळणाऱ्या नदीच्या, तोंडाशी फावला उतरली, तिच्यात १६ व्या ब्रिगेडमध्ये ११७ मराठा सुरुवातीपासून होती. महिना संपायच्या आत बसरा घेतलं. मग फौज टायग्रिस नदीने वर-वर सरकत गेली आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला अडली, तिथे हजारो जखमी झाले आणि औषधपाण्याची तयारी त्यांच्या एका बारीक तुकड्याइतकी. बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून खडखडत नदीपर्यंत, तिथून मालाच्या बार्जवर उघड्यावर, आणि काहींना बसऱ्याला पोचायला दोन आठवड्यांच्या आसपास लागले. बसऱ्याला ‘वरेला’ नावाची हॉस्पिटल बोट उभी होती, हीसुद्धा मूळची प्रवासी बोट, ब्रिटिश इंडिया कंपनीची. तिच्यावरचे डॉक्टर मेजर मार्कम कार्टर यांनी ‘मेजिदिये’ ही नदीतली स्टीमर येताना बघितली. लांबून त्यांना वाटलं बाजूने दोर लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं ती माणसांची विष्ठा होती, डेकवर दाटीवाटीने पडलेल्या, उठता न येणाऱ्या माणसांची, कडेवरून ओघळून वाळलेली. कोणाच्या मोडक्या हाडाला दारूच्या खोक्याच्या फळ्या बांधलेल्या, कोणाला पेंढा बांधायची तार. कार्टरनी हे लिहून वर कळवलं तर त्यांनाच नाक खुपसणारा माणूस म्हणून अटकेची धमकी मिळाली. त्यांनी सोडलं नाही. पुढे चौकशी कमिशन बसलं, १९१७ मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटवून ठेवलं होतं. कारण हॉस्पिटल बोट कितीही चांगली सजवा, ती समुद्रात उभी असते, आणि जखमी माणूस तिच्यापर्यंत पोचायचा मधला तुकडा जर असा असेल तर पांढरा रंग काय करणार. शिवाय शत-अल-अरबच्या तोंडाशी वाळूची बार, म्हणजे पाण्याखालचा उथळ दांडा, आहे, खोल बुडणाऱ्या मोठ्या बोटींना भरतीशिवाय, हलक्या झाल्याशिवाय आत येता येत नव्हतं, म्हणून वरेलासारख्या आखाताच्याच लाइनसाठी बांधलेल्या लहान बोटी आतपर्यंत जायच्या आणि मोठ्या बाहेर थांबून त्यांच्याकडून रोगी घ्यायच्या. म्हणजे एकाच आजारी माणसाला गाडी, बार्ज, स्टीमर, छोटी बोट, मोठी बोट असं पाच वेळा उचललं जाणार, आणि प्रत्येक उचलण्याला तो माझा ऑइलर आठवा.

टेसिफॉननंतर फौज मागे हटून कुत-अल-अमाराला आली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली. ११७ मराठा, १०३ मराठा, ११० मराठा, तिन्ही पलटणी आत. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आणि मग तुर्कांची कैद, वाळवंटातली पायपीट, त्यातून कितीतरी जण परत आलेच नाहीत. तर हिशेब असा लावा. तुमचे पणजोबा ११७ मध्ये होते आणि आजारी पडून बोटीने घरी आले, म्हणजे एकतर ते १९१५ च्या डिसेंबरआधी निघाले, किंवा मागून भरतीच्या तुकडीत गेले आणि वेढ्याबाहेर राहिले, किंवा युद्ध संपल्यावर कैदेतून सुटून आले. पहिल्या दोन्ही वेळेला लॉयल्टी कामावर होती, तिसऱ्याचं मी खात्रीने सांगत नाही. त्यामुळे शक्य आहे का, तर हो, नक्की शक्य आहे. पण मुंबईला येणारी ती एकटी नव्हती, वरेला होती, तिच्याच बहिणी ‘वरसोवा’, ‘वीटा’, ‘वासना’ होत्या, आणिकही होत्या. गावाकडे पुढे सगळ्याच हॉस्पिटल बोटींना लॉयल्टी म्हणायला लागले असतील असाही माझा एक अंदाज आहे, कारण बाकी नावं जिभेवर बसण्यासारखी नाहीत आणि ही शिंदे सरकारची.

मुंबईला उतरल्यावर बॅलार्ड पियरकडून रोग्यांना शहरातल्या वॉर हॉस्पिटलांत न्यायचे नाहीतर पुण्याच्या बाजूला रेल्वेने पाठवायचे. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो ती घुमटाची इमारत तेव्हा नुकतीच बांधून झाली होती, म्युझियम उघडायच्या आधी तिथे लष्करी हॉस्पिटलच होतं. मुंबईला गेलात तर मधल्या घुमटाखाली उभे राहून बघा, ही इमारत तेव्हा हॉस्पिटल होती.

युद्ध संपलं आणि पुढचं बहुतेकांना माहीत आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद रेल्वेने मुंबईला येताना त्यांना वॉटसन नावाच्या इंग्रज माणसाकडून कळलं की शिंद्यांची बोट विकायची आहे, मग नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास, किलाचंद देवचंद यांच्याबरोबर २७ मार्च १९१९ ला कंपनी काढली, ज्यांची बोट त्यांचंच नाव दिलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, आणि नऊ दिवसांत, ५ एप्रिलला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. भारतीय मालकीची बोट, परदेशी लाइनवर, ब्रिटिश कंपन्यांच्या नाकासमोर. १९६४ पासून तो दिवस मेरिटाइम डे झाला. पण इंजिनियरच्या नजरेने बघाल तर ती बिचारी २८ वर्षांची, कोळसा खाणारी, मालाला जागा कमी असलेली प्रवासी बोट होती, व्यापाराला परवडणारी नव्हती. १९२१ मध्ये मुंबईतच उभी करून ठेवली आणि १९२३ मध्ये मुंबईतच तोडली. तिच्या बहिणीच्या, एम्प्रेस ऑफ जपानच्या नाकावरच्या ड्रॅगनची प्रतिकृती व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कमध्ये आजही उभी आहे, लोक फोटो काढतात. आपल्या लॉयल्टीचं मुंबईत असं उभं राहून बघण्यासारखं काही असावं असं मला मनापासून वाटतं, गोदीच्या दारात एक पाटी असली तरी चालेल, फक्त तिच्यावर १९१९ च्या बरोबर १९१५ सुद्धा लिहा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. घरात पणजोबांचं मेडल असेल तर ते घासू नका, आधी भिंग घेऊन त्याची कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या वॉर मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात कोरलेली असते. हेच वॉर मेडल काशाचं असेल तर ते लढणाऱ्या जवानाचं नसून फॉलोअरचं म्हणजे भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाला अशांचं असू शकतं, आणि तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, त्या डोलीवाल्यांनीच जखमींना बार्जपर्यंत आणलं. नंबर मिळाला की डिस्चार्जचा कागद शोधा, ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, जमिनीच्या जुन्या कागदात, तिथे नोकरीतून कमी केल्याची तारीख आणि बरेचदा कारण असतं. तारीख मिळाली की अर्धं काम झालं, कारण हॉस्पिटल बोटींच्या वॉर डायऱ्या लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्यात कुठल्या दिवशी कुठल्या बंदरातून किती रोगी घेतले अशा नोंदी असतात, म्हणजे त्या सुमाराला बसऱ्याहून मुंबईला कोणती बोट आली ते जुळवता येतं. पलटणीबद्दल बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पत्र टाका, १९२२ च्या फेररचनेत ११७ मराठा हीच पाचवी बटालियन झाली, तेव्हा ११७ बरोबर तेही लिहा म्हणजे समोरच्याला लगेच कळेल.

कडेवर जे काय अक्षरं दिसतील ती जशीच्या तशी, पुसट असलं तरी, इथे टाका, मी बसून वाचून देतो.